उसनं नाक

आमचा गहू मालधक्क्यावर पडून होता आणि रेल्वेचे डबे येत नव्हते. त्या वर्षी जे काही झालं ते एवढ्यातूनच झालं, म्हणून आधी रेल्वेच्या नावाने बोटं मोडून घेते.

कापणी संपायच्या आतच कोठारं भरली. उरलेल्या गव्हाचे धक्क्यावर ढीग घातले आणि वर ताडपत्र्या ओढल्या. बंदरात जहाज येऊन उभं राहणार होतं, आमचा गहू पोटात घेऊन परदेशी जाणार होतं. हंगामातलं ते शेवटचं जहाज. ते चुकलं की तिकडचा व्यापारी दुसऱ्या देशाकडून गहू घेणार आणि आमचं तोंडही बघणार नाही. सगळं ठरलेलं होतं. ठरल्याप्रमाणे आले नाहीत ते फक्त डबे. रेल्वेने आधी कोळसा नेला, मग खडी नेली, मग कुणा बड्या माणसाचं सिमेंट नेलं. शेतकऱ्याचा गहू काय, कुठे पळून चाललाय? फोन केला की एक बाई गोड आवाजात सांगायची, "आपले डबे मार्गावर आहेत." कुठल्या मार्गावर, ते तिलाही ठाऊक नसावं. उंदरांची ताडपत्रीखाली बाळंतपणं चालली होती. कबुतरं इतकी माजली की उडायचा कंटाळा करून चालतच फिरायची. ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला की आत ऊब लागायची, आणि ती ऊब लागली की शेतकरी हात चटकन मागे घेतो. गरम व्हायला लागलेला गहू सडायला वेळ लावत नाही.

एकदा रागाच्या भरात सगळे जाऊन रुळांवर बसले. गाडी अडवायची! दिवसभर बसले. पण अडवायला गाडी तरी यायला हवी ना. संध्याकाळी ढुंगण झाडत घरी आले. आपल्याला अडवलं होतं हे रेल्वेला आजतागायत कळलेलं नाही.

आमची शेतकऱ्यांची एक संस्था आहे आणि माझा नवरा तिचा अध्यक्ष आहे. तो अध्यक्ष झाला तो अकलेवर नाही, वडिलांच्या नाकावर. हे मी कुजकटपणे सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे. फार पूर्वी एकदा आमचा सगळा गहू बंदरावरून परत आला होता, कारण ज्या डब्यांतून तो गेला त्यांतून आधी मासळीचं खत गेलं होतं. गव्हाला शेजाऱ्याचा वास लगेच लागतो. पोळी भाजली की खाणाऱ्याला मासळी आठवणार, मग कोण घेणार असला गहू? तेव्हापासून आमच्याकडे रीत पडली. डबे आले की माझे सासरे एकेका डब्यात चढायचे, दार आतून ओढून घ्यायचे, अंधारात उभे राहायचे आणि बाहेर येऊन एकच शब्द बोलायचे. "चालेल" किंवा "परत". त्यावर कुणी वाद घालायचा नाही. पाठीमागे लोक त्यांना नाकोबा म्हणायचे आणि तोंडावर काका.

नाक चांगलं होतं, माणूस नव्हता. त्या नाकाने त्यांनी गावातल्या प्रत्येकाला कधी ना कधी नागवं केलं होतं. चारचौघांत एखाद्याला म्हणायचे, "काल रात्री कुठे ढोसलीस?" एखादीला म्हणायचे, "अंथरुणं धूत नाही वाटतं तुमच्याकडे." मी लग्न होऊन आले, वाकून नमस्कार केला, तर पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत म्हणाले, "सूनबाई, तुझ्या माहेरी पाण्याची टंचाई आहे का?" सगळे हसले. माझा नवरासुद्धा हसला. मी त्यानंतर कितीतरी महिने दिवसातून तीनदा आंघोळ करत होते, आणि तरी त्यांना ताट वाढताना हात लांब करून वाढायचे.

त्या डबे न येण्याच्या दिवसांतच त्यांच्या खोलीत उंदीर मेला.

मला जिन्यातच वास आला. खोलीत गेले तर मळमळायला लागलं. खिडक्या बंद, आणि सासरे पलंगावर निवांत पेपर वाचत बसलेले. मी नाकाला पदर लावून म्हटलं, "बाबा, कसला हो वास येतोय?"

त्यांनी पेपर खाली घेतला. माझ्या पदराकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या स्वयंपाकघरातून येतोय. अन्न झाकून ठेवावं माणसाने."

मी कपाट ओढलं, उंदीर शेपटीला धरून काढला आणि त्यांच्या पेपरावर ठेवला. फुगलेला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. "हा होता बाबा. तुमच्या उशाशी."

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या माणसाला घाबरलेलं बघितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

नवऱ्याला सांगितलं तर त्याने आधी दार लावलं. म्हणाला, "कुणापुढे बोललीस का?"

"नाही."

"बोलूही नकोस. बाबांचं नाक गेलं असं कळलं तर उद्या माझी खुर्ची जाईल. खोकड टपूनच बसलाय."

खोकड म्हणजे आमचा बांधाशेजारचा शेतकरी. कोल्ह्यासारखं तोंड आणि तसाच स्वभाव.

"मग डबे आल्यावर कोण वास घेणार?" मी विचारलं.

घरात विळा सापडेना म्हणून कोयत्याकडे बघावं, तसं नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तू घे. बाबांना आता कमी दिसतं, म्हणून बॅटरी धरायला सून सोबत येते, असं सांगू. डबा खराब असला तर त्यांची बाही ओढ. बोलायचं ते बाबाच बोलतील."

सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "बाईचं नाक?" एवढंच म्हणाले.

"नाक तिचं, नाव तुमचं," नवरा म्हणाला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, पण त्या दिवशी पीळ जरा सैल झाला.

मग त्यांनी मला शिकवलं. रिकाम्या कोठारात नेऊन शिकवलं. पहिला श्वास फुकट घालवायचा, तो बाहेरच्या हवेचा असतो. दुसरा घ्यायचा तो वाकून, फळ्यांजवळ, कारण वास नेहमी जमिनीला धरून बसतो. तिसरा कोपऱ्यात. तोंड मिटलेलं, मनात काही नाही. शिकवताना ते वेगळेच माणूस व्हायचे. "आता सांग," म्हणायचे, आणि मी "इथे रॉकेल सांडलं होतं" म्हटलं की मान डोलवायचे. एकदा तर "शाबास" म्हणाले. लग्न झाल्यापासून त्या घरात मला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. मी मूर्ख, मला ते आवडलं. रात्री पडल्या पडल्या मी उशीचा, भिंतीचा, नवऱ्याच्या शर्टाचा वास घेऊन बघायचे आणि उद्या बाबांना काय काय सांगायचं ते ठरवायचे.

आणि एका सकाळी गाडी आली. जहाज सुटायला इतके थोडे दिवस राहिले होते की लोकांनी इंजिनाला शिव्या द्यायच्या की हार घालायचे हेच कळेना. मधवाली मावशी, मधमाश्या पाळणारी आमची म्हातारी विधवा शेजारीण, डब्याला हात लावून रडली. तिचा सगळा वर्षाचा गहू एका ढिगात होता.

रेल्वेचा बाबू खाली उतरला, कागद बगलेत, तोंडावरची माशी उठत नाही असा. म्हणाला, "एक नवीन नियम आलाय. एकही डबा नापसंत केलात किंवा रिकामा ठेवलात, तर भरलेले डबेही रिकामे करून पूर्ण गाडी धुवायला माघारी जाणार. सुटा डबा काढत बसायला आमच्याकडे इंजिन नाही."

"धुऊन परत कधी येणार?" नवऱ्याने विचारलं.

"पाठवू की. मार्गावरच असतात डबे."

गाडी परत गेली तर जहाज गेलं, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

आम्ही वास घ्यायला सुरुवात केली. सासरे पुढे, मी मागे बॅटरी घेऊन. दार ओढून घेतलं की आत आम्ही दोघंच. मी पहिला श्वास फुकट घालवायचे, दुसऱ्याला वाकायचे. एका डब्यात लोखंडाचा गंज होता, एकात ओल्या पोत्यांचा कुबट वास, चालण्यासारखा. मी बाही ओढली नाही. ते बाहेर जाऊन "चालेल" म्हणायचे आणि लोक लगेच त्या डब्याला सरकता पट्टा लावून गहू ओतायला लागायचे. इतक्या दिवसांनी गहू हलताना बघून माणसं हसत होती, एकमेकांना ढकलत होती. खोकडसुद्धा म्हणाला, "काका, तुमच्या नाकाला सोन्याने मढवायला हवं."

शेवटचा डबा आमचा होता. अध्यक्षाचा ढीग सगळ्यांत शेवटी भरायचा, अशीही आमची रीत.

दार सरकवलं आणि मला पहिला श्वाससुद्धा फुकट घालवता आला नाही. कच्ची कातडी. मीठ लावून, ओली, थप्प्या रचून नेलेली. वरवर पाणी मारलं होतं, पण फळ्यांनी आत पिऊन ठेवलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं. मी बाही ओढली.

ते हलले नाहीत. मी पुन्हा ओढली, जोरात.

"कळलं," ते अंधारात म्हणाले.

"बाबा, इथे कातडी होती. फार घाण आहे. बंदरात सगळ्यांचा गहू एकाच पट्ट्यावर ओततात, सगळ्यालाच लागेल हा वास."

"मला नाही येत वास."

"तुम्हाला कुठला येतो?"

त्यांनी माझ्या हातातून बाही सोडवून घेतली आणि म्हणाले, "बाहेर ते सगळे माझ्याकडे बघतायत. आज मी 'परत' म्हटलं तर मला तिथेच गाडतील." दार सरकवलं, उजेडात उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चालेल."

जयघोष झाला. पट्टा सरकवायला लागले. मी डब्याच्या दारात आडवी उभी राहिले आणि ओरडले, "थांबा! ओतू नका! आत कातडीचा वास आहे!"

सगळे थांबले. नवरा धावत आला, दात आवळून म्हणाला, "खाली उतर."

"बाबांना वास येत नाही," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "त्यांचं नाक गेलंय. आजचे सगळे डबे मी बघितले. हा डबा खराब आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर या, स्वतः डोकं घालून बघा."

मला वाटलं, आता सुटले. वास काय कुणाच्या बापाचा आहे? नाक सगळ्यांनाच असतं.

खोकड आधी आला. डब्यात डोकं घातलं. बाहेर काढलं तेव्हा डोळे लाल झाले होते. त्याने नाक पुसलं, भरायच्या राहिलेल्या ढिगाकडे बघितलं, भरून झालेल्या डब्यांच्या ओळीकडे बघितलं, शेवटी बाबूकडे बघितलं. म्हणाला, "मला तर काही वास येत नाही."

मग एकेक जण आला. रांगच लागली. कुणी डोकं घालून लगेच मागे घेतलं, एकाला तर ओकारी आली, ती त्याने खोकून गिळली. आणि प्रत्येक जण बाहेर येऊन म्हणाला, "काही नाही. स्वच्छ आहे. लाकडाचा वास येतो थोडा." म्हणताना कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

मावशीचा मात्र मला भरवसा होता. माझ्या बाळंतपणात सख्ख्या आईसारखी राबली होती ती. ती चढली, आत गेली, बराच वेळ आत राहिली. बाहेर आली ती पदराने डोळे टिपत. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पोरी, सासऱ्याचा एवढा राग बरा नव्हे."

लोक हसले, अगदी माझ्या लग्नात हसले होते तसे.

बाबूने घड्याळ बघितलं. नवऱ्याने मला दंडाला धरून खाली ओढलं आणि आमचा गहू त्या डब्यात पडायला लागला. सगळ्यांत वाईट म्हणजे सासऱ्यांचा चेहरा. एवढ्या लोकांना वास आला नाही, म्हणजे वास नव्हताच, असं त्यांना खरोखर वाटायला लागलं होतं. छाती पुढे काढून ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बघितलंस? अजून आहे माझं नाक." पोरांच्या खेळात आंधळ्या कोशिंबिरीचं राज्य आलेल्याने पट्टी न काढताच जिंकलो म्हणावं, तसं. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

जायला जी गाडी हंगाम संपेपर्यंत मिळत नव्हती, ती परत यायला ताबडतोब मिळाली. बंदरावर व्यापाऱ्याच्या माणसाने पट्ट्यावरून मूठभर गहू उचलला, नाकाशी नेला आणि टाकून दिला. आमच्या डब्यातला गहू तोवर सगळ्यांच्या गव्हात मिसळून गेला होता. जहाज अर्ध्या पोटी निघून गेलं. आणि गहू धक्क्यावर, त्याच जागी, त्याच ताडपत्र्यांखाली येऊन पडला. आता मात्र वास सगळ्यांना येत होता. धक्क्यावरून जाताना लोक रुमाल लावून जायचे. कोंबड्यांच्या खाद्यवाल्याने कसाबसा उचलला, तेही उपकार केल्यासारखा.

संस्थेची सभा कोठारात भरली. मी मागे, खांबाला टेकून उभी होते. मी गेले होते ती एवढ्याच आशेने की कुणीतरी एक जण उठेल. एक पुरे होता. मोठ्याने नको, पुटपुटला असता तरी चाललं असतं, की ती सांगत होती.

खोकड उठला. म्हणाला, "आम्ही काकांच्या शब्दावर गहू भरला. आता काकांनीच सांगावं, हे कसं झालं. आणि अध्यक्षांनी सांगावं, त्यांना काय माहीत होतं." बोलणं सासऱ्यांना होतं, डोळा नवऱ्याच्या खुर्चीवर.

सासरे काठी टेकत उभे राहिले. आधी नवऱ्याकडे बघितलं. मग मला शोधलं, आणि माझ्या डोळ्यांत बघूनच बोलले, हे त्यांचं कौतुक म्हणायला हवं.

"माझं नाक गेलं," ते म्हणाले. "म्हातारपण आहे, मी लपवलं. माझ्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. मी सुनेवर भिस्त ठेवली. डबा खराब असेल तर बाही ओढ म्हणून सांगितलं होतं. शेवटच्या डब्यात तिने बाही ओढली नाही."

कोठारात शंभर माणसं होती. शंभरांच्या दोनशे कानांनी मला त्या दारात उभं राहून ओरडताना ऐकलं होतं. मी एकेकाकडे बघितलं. त्या दिवशी नाकं गेली होती, आज कान गेले. त्यांना तरी दुसरं काय करता येणार होतं? मी ओरडले होते हे कबूल केलं, तर आपण डब्यात डोकं घातलं होतं हेही कबूल करावं लागलं असतं.

"म्हणजे ही सगळी हिची करणी," कुणीतरी म्हणालं. "तरीच," दुसरं म्हणालं. मावशी जमिनीकडे बघत होती. खोकडाने खांदे उडवले. त्याला खुर्ची मिळाली नाही, पण दोषातून सुटला, तेवढ्यावर समाधान मानलं.

ठराव असा झाला की माझ्या निष्काळजीपणामुळे गहू गेला आणि मी पुन्हा धक्क्यावर पाऊल ठेवायचं नाही. माझ्या नवऱ्याने अध्यक्ष म्हणून विचारलं, "कोण कोण बाजूने?" हात वर झाले. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने सगळे मोजून झाल्यावर, अगदी सावकाश, स्वतःचाही हात वर केला.

संध्याकाळी घरी येऊन मी पोळ्या केल्या. दुसरं काय करणार होते? नवरा जेवून झोपायला गेला. सासरे ताटावर बसले. मला वाटलं, काही बोलतील. म्हणाले, "तू तरुण आहेस, तू निभावून नेशील. माझ्याजवळ दुसरं काय होतं?" मग ताट पुढे ओढलं, घास उचलला आणि सवयीने नाकाशी नेला. नेला आणि थांबले. सकाळची भाजी होती, दिवसभर उकाडा होता. त्यांनी घास तसाच धरून माझ्याकडे बघितलं.

"चांगली आहे ना गं?"

मी भांडी उचलली आणि घासायला बसले.

आता रोज विचारतात. मी रोज गप्प असते. कधी डोळे मिटून खातात, कधी घास ताटात ठेवून उपाशी उठतात.